तिकीट पक्के, जागा कच्ची!

विमानाचे तिकीट हातात आहे, त्यावर 'कन्फर्म' असा शब्द छापलेला आहे, पैसे महिन्याभरापूर्वीच मोजून झाले आहेत आणि प्रवासी वेळेच्या आत विमानतळावर हजर आहे. तरीही काऊंटरवर त्याला सांगितले जाते की, विमान भरले, आज आपल्याला जाता येणार नाही. कामानिमित्त विमानाने ये-जा करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी काहींच्या वाट्याला हा अनुभव आला असेल. ज्यांच्या वाट्याला आला नसेल त्यांनी तो कोणाकडून तरी ऐकला असेल. पूर्वी विमानाचा प्रवास ही बड्या लोकांची गोष्ट समजली जात असे. आता भिवंडीचा कापडवाला, धारावीचा चामड्याच्या वस्तू बनवणारा कारागीर आणि कोकणातून आखाती देशांत नोकरीला जाणारा तरुण, सगळेच विमानात बसतात. म्हणून या विषयाची चर्चा व्यापाराच्या पानावर करणे अगत्याचे आहे.

विमानात जेवढ्या खुर्च्या असतात त्यापेक्षा जास्त तिकिटे विकायची, या रीतीला विमान कंपन्यांच्या भाषेत 'ओव्हरबुकिंग' म्हणतात. ही चूक नसते, संगणकाचा घोटाळाही नसतो. हिशोब करून, जाणूनबुजून केलेला हा व्यवहार असतो आणि बहुतेक देशांच्या कायद्याने त्याला मुभा दिलेली आहे.

या रीतीचे सर्वांत उघडे रूप जगाने पाहिले ते अमेरिकेत, ९ एप्रिल २०१७ रोजी. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरून लुईव्हिलला जाणारे युनायटेड एक्सप्रेसचे ३४११ क्रमांकाचे विमान प्रवाशांनी पूर्ण भरलेले होते. सत्तर खुर्च्यांचे लहान विमान. सगळे आपापल्या जागी बसले होते. तेवढ्यात कंपनीला आठवण झाली की, आपल्याच चार कर्मचाऱ्यांना दुसऱ्या विमानाच्या कामासाठी लुईव्हिलला पोचवायचे आहे. म्हणजे चार प्रवाशांना उतरवणे भाग होते. प्रथम ४०० डॉलर आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय देऊ केली. कोणी उठले नाही. मग ८०० डॉलर देऊ केले. तरीही कोणी उठले नाही. तेव्हा कंपनीने आपणच चार नावे काढली. तिघे निमूटपणे उतरले. चौथे गृहस्थ ६९ वर्षांचे डॉक्टर होते. उद्या सकाळी मला रुग्ण तपासायचे आहेत, मी उतरणार नाही, असे त्यांनी सांगितले. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावण्यात आले. त्यांनी त्या वृद्धाला खुर्चीतून ओढून काढले आणि हातांना धरून विमानाच्या मधल्या वाटेवरून फरफटत नेले. त्यांचे नाक मोडले, पुढचे दोन दात गेले, डोक्याला मार बसला. शेजारच्या प्रवाशांनी मोबाईलवर टिपलेले ते दृश्य दुसऱ्या दिवशी जगभर पोचले होते.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वर्तमानपत्रांनी या घटनेला ओव्हरबुकिंग म्हटले खरे, पण कंपनीने नंतर स्वतःच सांगितले की, त्या दिवशी जागेपेक्षा जास्त तिकिटे विकलेली नव्हती. प्रवाशांच्या जागा हव्या होत्या त्या कंपनीच्याच माणसांसाठी. म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे मोजून, माल ताब्यात घेऊन, तो वापरायला सुरुवात केल्यावर दुकानदार येतो आणि म्हणतो, हा मला घरी लागतो आहे, परत द्या. आणि नाही म्हटले तर गुरख्याला बोलावतो. आपल्या बाजारात एखाद्या दुकानदाराने असे केले असते तर संध्याकाळपर्यंत त्याच्या पेढीसमोर गर्दी जमली असती.

त्यापुढचा प्रकार तर व्यापाऱ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. कंपनीचे प्रमुख ऑस्कर मुनोझ यांनी पहिल्या निवेदनात, प्रवाशांची 'फेरव्यवस्था' करावी लागल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मारहाणीचा उल्लेख नाही. आपल्या कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रवाशालाच भांडखोर ठरवले. पत्र बाहेर फुटले. लोक खवळले. कंपनीचा शेअर घसरला. मग दुसऱ्या दिवशी सपशेल माफी आली. महिना संपण्याच्या आत, २७ एप्रिलला, त्या डॉक्टरांशी तडजोड झाली. रक्कम गुप्त ठेवण्यात आली. त्याच दिवशी कंपनीने जाहीर केले की, यापुढे स्वखुशीने जागा सोडणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत दिले जातील आणि बसलेल्या प्रवाशाला सुरक्षेचे कारण असल्याखेरीज उठवले जाणार नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांपैकी दोघांची नोकरी गेली.

आता हिशोब करून पाहा. ८०० डॉलरवर बोली थांबवली गेली. त्या वेळी जबरदस्तीने उतरवलेल्या प्रवाशाला द्यायच्या भरपाईची अमेरिकन नियमातली कमाल मर्यादाच १,३५० डॉलर होती. आणखी चार-पाचशे डॉलर पुकारले असते तर सत्तर माणसांतून एक तरी उठला असता. एवढ्या रकमेसाठी हात आखडता घेतला आणि गमावले काय, तर वर्षानुवर्षांची पत. बोली कुठे थांबवायची हे ज्याला कळत नाही त्याने लिलावात उतरू नये, हे मार्केट यार्डातला साधा दलालही सांगेल.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते तेही आठवावे. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस वर्गाचे, पण त्या विमानात तो वर्गच नव्हता. दिल्लीत उतरल्यावर वाद झाला आणि आपण कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले, असे खासदारांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. संसदेत गदारोळ झाला आणि ७ एप्रिलला बंदी उठली. त्यानंतर दोनच दिवसांनी शिकागोची घटना घडली. एकीकडे मारणारा प्रवासी, दुसरीकडे मार खाणारा प्रवासी. मात्र मुळाशी गोष्ट एकच: जे विकले ते दिले नाही. खासदाराच्या चपलेचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न, म्हणजे बिझनेस वर्गाचे तिकीट घेतलेल्याला त्या वर्गाची खुर्ची का मिळू नये, तो मागेच पडला. खालच्या वर्गात बसवलेल्या प्रवाशाला पैसे परत देण्याचा ठोस नियम आपल्याकडे यायला २०२३ साल उजाडावे लागले. देशांतर्गत प्रवासात त्या तिकिटाच्या किमतीचे ७५ टक्के आता परत मिळतात.

जागेपेक्षा जास्त तिकिटे विकण्यामागचा हिशोब समजून घेऊ. समजा विमानात १८० खुर्च्या आहेत आणि कंपनीचा अनुभव असा की, शंभरातले पाच प्रवासी तिकीट असूनही येत नाहीत. कोणी आजारी पडतो, कोणाची बैठक लांबते, कोणी रस्त्यात अडकतो. अशा वेळी कंपनी १८५ तिकिटे विकते. सरासरीने १७५-१७६ माणसे येतात आणि सगळ्यांना जागा मिळते. शंभर फेऱ्यांपैकी सुमारे चार फेऱ्यांतच १८० पेक्षा जास्त माणसे दारात उभी राहतात. म्हणजे शहाण्णव फेऱ्यांत कंपनीचा फायदा आणि चार फेऱ्यांत एक-दोघांचे हाल. कागदावर हा व्यवहार वावगा दिसत नाही. रिकामी खुर्ची उडाली की तिची किंमत शून्य. ती नाशवंत मालासारखी आहे, उद्या विकता येत नाही. हे खरे आहे आणि त्याबद्दल कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. शिवाय विमान भरून गेले तर भाडे थोडे स्वस्त राहते, हाही त्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही.

पण या हिशोबात दोन गाळलेल्या जागा आहेत. पहिली अशी की, प्रत्येक प्रवासी आपापला स्वतंत्र येतो किंवा येत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात माणसे एकगठ्ठा येतात. दिल्लीच्या हस्तकला प्रदर्शनाला निघालेला वीस कारागिरांचा जथा, लग्नाची मंडळी, सुटीत गावी परतणारे कुटुंब. हे येतात तर सगळे येतात. ईद-दिवाळीच्या आदल्या दिवशी पाच टक्के गैरहजर राहतील ही आशा करणे म्हणजे बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक कमी येईल असे धरून माल मागवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही रीत सुरू झाली तेव्हा तिकीट घेऊन न येणारा प्रवासी पुढच्या विमानाने जाऊ शकत असे किंवा पैसे परत मागू शकत असे. कंपनीचे खरोखर नुकसान होत असे. तेव्हा जास्तीची तिकिटे विकण्याला काही आधार होता. आज स्वस्त तिकिटावर न आलेल्या प्रवाशाचे भाडे बुडते. त्याला परत मिळतात ते विमानतळाचे शुल्क आणि तत्सम आकार. म्हणजे जो आला नाही त्याचे पैसे कंपनीच्या गल्ल्यात आधीच जमा आहेत. त्याच खुर्चीवर दुसऱ्याला बसवून ती दुसऱ्यांदा पैसे घेते. आपल्याकडे इसार देऊन सौदा केलेला माल ठरल्या दिवशी गिऱ्हाईकाने उचलला नाही तर इसार बुडतो आणि दुकानदार माल दुसऱ्याला विकतो. पण तो दिवस उजाडल्यानंतर! आधीच एक थान दोघांना विकून ठेवायचे आणि त्यातला एक येणार नाही अशी आशा करत बसायचे, याला बाजारात वेगळे नाव आहे.

इथे कोणी म्हणेल, आपल्यातले शिंपी काय करतात? रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ते शिवता येतील त्याच्या दीडपट कपडे घेऊन ठेवतात आणि चाँदरातीला गिऱ्हाईकाला तोंड चुकवतात. आक्षेप रास्त आहे. फरक एवढाच की, शिंप्याला त्याच मोहल्ल्यात राहायचे असते. ईदच्या नमाजला ज्याचा कुर्ता झाला नाही तो शेजारच्या सफमध्ये उभा असतो. म्हणून शिंपी रात्रभर जागतो, भावाला मशीनवर बसवतो, काहीतरी करून कपडा देतो. विमान कंपनीच्या काऊंटरवरची मुलगी ज्या प्रवाशाला परत पाठवते तो तिला पुन्हा दिसत नाही आणि ज्याने जास्तीची तिकिटे विकण्याचा आकडा ठरवला तो तर त्या शहरातही नसतो.

याउलट आपल्या रेल्वेकडे पाहा. रेल्वेला नावे ठेवायला आपण नेहमीच तयार असतो, पण या एका बाबतीत तिचा व्यवहार विमान कंपन्यांपेक्षा सरळ आहे. तिकीट घेतानाच ती सांगते की, हे पक्के आहे, हे आरएसी आहे, हे वेटिंगचे आहे. वेटिंगवाल्याला ठाऊक असते की, आपले नशीब चार्ट लागेपर्यंत अधांतरी आहे. तो त्या तयारीने निघतो किंवा निघत नाही. विमान कंपनीने १८० पक्की तिकिटे विकावीत आणि उरलेली पाच 'जागा झाली तर' असे स्पष्ट लिहून कमी भाड्यात विकावीत. घेणारे मिळतील. कॉलेजचा मुलगा घेईल, घाई नसलेला घेईल. मग कोणाची फसवणूक होणार नाही. कंपन्या हे करत नाहीत, कारण त्यांना पाचही तिकिटे पक्क्याच्या भावाने विकायची असतात.

या अन्यायाला वाचा फोडणारी पहिली मोठी लढाई अमेरिकेतच झाली. ग्राहक चळवळीचे पुढारी राल्फ नेडर यांना १९७२ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेसाठी जायचे होते. अ‍ॅलेघनी एअरलाईन्सचे पक्के तिकीट असताना त्यांना विमानात घेतले गेले नाही. त्यांनी खटला भरला. नुकसान झाले एवढेच म्हणणे नव्हते. आपण जागेपेक्षा जास्त तिकिटे विकतो ही गोष्ट कंपनीने प्रवाशापासून लपवली, ही फसवणूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असा दावा न्यायालयात चालू शकतो, सरकारी विमान मंडळ आहे म्हणून प्रवाशाला न्यायालयाचे दार बंद होत नाही. त्यानंतर सरकारी मंडळाला नियम कडक करणे भाग पडले.

त्याच काळात ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची एक कल्पना धूळ खात पडली होती. १९६८ साली त्यांनी सुचवले होते की, विमान जास्त भरले तर प्रवाशांना एकेक पाकीट द्यावे. किती पैसे मिळाले तर मी थांबायला तयार आहे, तो आकडा प्रत्येकाने लिहावा. सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याला ते पैसे देऊन पुढच्या विमानाने पाठवावे. विमान कंपन्यांनी या सूचनेची थट्टा केली. दहा वर्षांनी, १९७८ च्या सुमारास, विमान मंडळाचे अध्यक्ष आल्फ्रेड कान यांच्या कारकिर्दीत ती नियमात आली: आधी स्वखुशीने थांबणारे शोधा, कोणी न मिळाले तरच जबरदस्ती. ज्याला घाई नाही तो पैसे घेऊन खूश, ज्याला घाई आहे तो विमानात बसून खूश आणि चूक ज्याची त्याच्या खिशातून पैसे. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात याहून इन्साफाचा तोडगा दुसरा निघालेला नाही. शिकागोत बिघडले ते इथेच. लिलाव मध्येच थांबवून पोलीस बोलावले. तिकडच्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून, एकदा बोर्डिंग पास स्वीकारून आत घेतलेल्या प्रवाशाला जागेच्या कारणावरून बाहेर काढण्यास मनाई केली.

आपल्याकडील नियम काय आहे? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०१६ पासून लागू केलेला नियम असा: पक्के तिकीट असलेला प्रवासी वेळेत हजर असूनही त्याला नेता येत नसेल तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणाऱ्यांना विचारावे आणि त्यांना काही लाभ द्यावा. तसे कोणी न मिळाल्यास ज्याला नाकारले त्याला एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतल्या विमानाने पाठवले तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १० हजार रुपये. चोवीस तासांहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २० हजार. आणि प्रवाशाने दुसरे विमान नको म्हटले तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत अधिक चौपट भरपाई, तीही जास्तीत जास्त २० हजार.

हा शेवटचा पर्याय काऊंटरवर आपणहून कोणी सांगत नाही, म्हणून तो नीट समजून घ्या. समजा मुंबई-दिल्ली तिकिटाचे मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून साडेचार हजार आहे. संध्याकाळच्या विमानाने जायला तयार झालात तर नऊ हजार मिळतील. नको म्हणालात तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर अठरा हजार. त्यातून दुसऱ्या कंपनीचे दोन तासांनी सुटणारे महाग तिकीट घेतले तरी हातात काही उरण्याचा संभव आहे. अर्थात दुसरे तिकीट मिळते की नाही हे आधी मोबाईलवर पाहून मगच तोंड उघडावे.

मर्यादेचा फटका कोणाला बसतो तेही पाहा. ऐनवेळी बारा हजारांना तिकीट काढणाऱ्याची दुप्पट चोवीस हजार होते, पण त्याला दहाच मिळतात. उलट महिनाभर आधी अडीच हजारांत तिकीट काढणाऱ्या कारागिराला पाच हजारांवर समाधान मानावे लागते, मग त्याचे प्रदर्शनातले गाळ्याचे भाडे पंधरा हजार बुडाले असले तरी! अमेरिकेत या मर्यादा दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे तपासायच्या असा नियमच आहे. २०१७ मध्ये १,३५० डॉलर असलेली कमाल रक्कम २०२१ मध्ये १,५५० आणि २०२५ मध्ये २,१५० डॉलर झाली. आपल्या २०१६ च्या नियमात दहा आणि वीस हजार हे आकडे नुसते लिहून ठेवले, ते महागाईला बांधले नाहीत. आपल्या चेंबर ऑफ कॉमर्सनी आणि व्यापारी संघटनांनी मागणी करायची असेल तर ती या एका मुद्द्यावर करावी. विमानतळावर पाट्या घेऊन उभे राहण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता उतरवले कोणाला जाते? कंपन्या आपापले निकष ठरवतात, पण साधारणपणे ज्याने सर्वांत स्वस्त तिकीट घेतले, जो शेवटी आला, ज्याच्याकडे नेहमीच्या प्रवाशाचे कार्ड नाही, त्याच्यावर आधी संक्रांत येते. म्हणजे वर्षातून एकदोनदा विमानात बसणारा छोटा व्यापारी आणि कारागीर. बड्या कंपनीच्या मॅनेजरची जागा सहसा जात नाही. आणि ज्याला इंग्रजीत वाद घालता येत नाही त्याला भरपाईचा कागद न देताच 'उद्या या' म्हणून परत पाठवणे सोपे असते.

ही नुसती शंका नव्हे. २०२२ च्या जूनमध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाख रुपये दंड केला तो याच कारणासाठी. पक्के तिकीट असलेल्या, वेळेत आलेल्या प्रवाशांना नाकारले जात होते आणि नियमाप्रमाणे भरपाई दिली जात नव्हती. २०२४ मध्ये तशीच पाळी आकासा एअरवर आली. त्या वर्षी ६ सप्टेंबरला बंगळूरहून पुण्याला येणाऱ्या विमानात सात प्रवाशांना जागा मिळाली नाही. ठरलेले विमान बिघडले म्हणून दुसरे आणले होते आणि त्यातल्या काही खुर्च्या नादुरुस्त होत्या. कंपनीने भरपाई दिली नाही, म्हणून १० लाखांचा दंड झाला. विमान बदलले, छोटे आले, खुर्च्या मोडक्या निघाल्या, ही कारणे प्रवाशाला पुष्कळदा ऐकवली जातात. ती ऐकून हक्क सोडून देऊ नये, हे या प्रकरणावरून दिसते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, मग ती भारतीय का असेना, तिथला २००४ सालचा नियम लागू होतो. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत बहुतांशी ४०० आणि त्याहून लांब ६०० युरो. फ्रँकफर्टच्या मेळ्याहून परतणाऱ्या निर्यातदाराला मुंबईच्या विमानात घेतले नाही तर हिशोब ६०० युरोचा आहे. आखातात नोकरीला जाणाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. त्यांना हजर होण्याची तारीख ठरलेली असते, व्हिसाची मुदत चालू असते. त्यांनी एजंटच्या तोंडी शब्दावर न विसंबता तिकिटाची स्थिती कंपनीच्या वेबसाईटवर स्वतः पाहावी आणि मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसाचे विमान धरू नये.

प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर काय करावे? आधीची खबरदारी एवढीच की, वेब चेक-इन सुरू होताच करून खुर्चीचा क्रमांक घ्यावा. ज्याच्या हातात खुर्चीचा क्रमांक आहे त्याला नाकारणे कंपनीला जड जाते. काऊंटरवर नकार मिळाला तर आवाज चढवू नये. २०१७ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांची बंदी यादी आहे आणि नुसत्या शिवीगाळीवरूनही तीन महिन्यांची बंदी येऊ शकते. मग भांडणाचा विषय जागा न राहता तुमचे वर्तन होतो. शांतपणे ड्युटी मॅनेजरला बोलवावे आणि जागा नसल्यामुळे नाकारले, असे लेखी मागावे. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच उभे राहून कंपनीला ई-मेल करावा, त्यावर वेळ आपोआप पडते. 'मी स्वखुशीने थांबत आहे' असे लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. ती सही झाली की भरपाईचा हक्क संपतो. कूपन नको, पैसे हवेत, असे स्पष्ट सांगावे.

कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. त्याने बहुधा काम होते. न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे दिल्लीत झालेल्या त्रासाची दाद मालेगावकराने नाशिकला मागावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एक अडचण मात्र व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हा मुद्दा कंपनीचा वकील काढू शकतो. म्हणून तिकीट फर्मच्या नावाने न काढता स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खात्यातून काढलेले बरे, आणि तक्रार लिहिताना चांगल्या वकिलाला विचारलेले बरे. बुडालेल्या गाळ्याची पावती, हॉटेलचे बिल, नव्याने काढलेले तिकीट, हे सगळे जोडावे. नुसत्या मनस्तापावर आयोग किती देईल याचा भरवसा नसतो, पावतीवर तो असतो.

तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. बोर्डिंग पासचा चकचकीत कागद तेवढा काळ टिकत नाही, काही महिन्यांत अक्षरे पुसट होतात. म्हणून त्याची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून फाईलला लावावी आणि कंपनीचे सगळे मेसेज मोबाईलमधून छापून घ्यावेत.